कमोडला फ्रेंचमध्ये काय म्हणाल?

केतकी_मॉन्ट्रियल
मी इथे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतरं करते. गेल्या महिन्यात एका लिलावघराची यादी आली. जुनं फर्निचर, चिनी मातीची भांडी, घड्याळं. फोटो एकही नाही. त्यात एक नग होता : 'महोगनी कमोड, इंग्लंड, साधारण १७७०'. मी बिनधास्त 'कोमोद' लिहून मोकळी झाले. फ्रेंचमध्ये कोमोद म्हणजे खणांचं बुटकं कपाट, शब्दाचा मूळ अर्थच 'सोयीचं'. यादी छापायला जायच्या आदल्या दिवशी फोटो आला. खण नुसते दिखाऊ, वरचं झाकण उचललं की आत भांडं ठेवायची जागा! आपल्याकडच्या कमोडचा खापरपणजोबाच म्हणा. त्याला फ्रेंचमध्ये 'शेझ पेर्से' म्हणतात, भोक पाडलेली खुर्ची.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. या विषयात शब्दाचं भाषांतर करूच नये. वस्तू बघावी आणि तिला फ्रेंच माणूस काय म्हणेल ते लिहावं. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेले शब्द तर सगळ्यात घातकी. माहेरी आलेल्या लेकीचं आडनाव बदललेलं असतं, हे आपण विसरतो. इंग्रजीत 'शिफोनियर' म्हणजे बहुधा बुटकं कपाट, फ्रेंच 'शिफोनिए' उंच आणि अरुंद. 'कॅब्रिओल' हा इंग्रजांचा खुर्ची-टेबलाचा वळणदार पाय, पण फ्रेंचमध्ये काब्रिओल म्हणजे उडी, कोलांटी. आणि 'ऑर्मोलू'! मूळ फ्रेंच 'ऑर मुल्यू', दळलेलं सोनं. आज पॅरिसमध्ये 'मुल्यू' म्हटलं तर दळलेली कॉफी आठवेल. तिथली संग्रहालयं सरळ 'ब्राँझ दोरे' लिहितात, सोनेरी मुलाम्याचं ब्राँझ.

फोटो नसेल तर काम घेऊच नये, इथवर मी आलेय. बोला.

जुना_बाजार
ताई, अजिबात पटलं नाही. भाषांतरकारानं वस्तूची परीक्षा करायची म्हणजे वकिलाच्या कारकुनानं निकाल द्यायचा. इंग्रजीत 'ऑर्मोलू' हा सैल शब्द आहे. पारा आणि सोनं एकत्र कालवून, तापवून चढवलेला अस्सल मुलामाही ऑर्मोलू आणि सोन्यासारखं दिसणारं स्वस्त पितळही ऑर्मोलू. तुम्ही फोटो बघून 'पाऱ्याचा मुलामा' लिहिलंत, गिऱ्हाइकानं त्या भरवशावर बोली लावली आणि पुढे तो विजेनं चढवलेला मुलामा निघाला, तर पैसे कोण परत करणार? मूळ मजकूर सैल असेल तर भाषांतरही तितकंच सैल हवं. यादी लिहिणाऱ्याचं अज्ञान झाकणं आपलं काम नाही.

शिवाय 'ऑर मुल्यू' इतकं काही मेलेलं नाही. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत 'दोरे दॉर मुल्यू', म्हणजे दळलेल्या सोन्याचा मुलामा दिलेलं, असं लिहिलेलं सापडतं.

केतकी_मॉन्ट्रियल
वह्यांत सापडतं, मान्य. ज्ञानेश्वरीतही पुष्कळ शब्द सापडतात, म्हणून आपण बँकेच्या अर्जात लिहितो का?

पैशाचा मुद्दा मात्र लागला. म्हणूनच 'ब्राँझ दोरे' बरं, पाऱ्याबद्दल अवाक्षर न काढणारं. पण तुमचा सैलपणा फ्रेंचमध्ये दर वेळी जमतच नाही. इंग्रजीतली 'ग्लेझ' घ्या. आपणही सगळ्याला झिलई म्हणून सुटतो. फ्रेंचमध्ये पोर्सिलेनवर असेल तर 'कूव्हेर्त', कथील घातलेली पांढरी अपारदर्शक असेल तर 'एमाय', आणि सगळ्यांना मिळून 'ग्लासुर'. दर वेळी ग्लासुर लिहिलं तर चूक नाही, पण पोर्सिलेनच्या जाणकाराला लगेच कळतं की लिहिणाऱ्याला काही कळत नाही.

सुताराचा_पोर
दोघांच्या मध्ये पडतो. आमच्या घरी तीन पिढ्यांचं सुतारकाम, म्हणून या धाग्यावर आलो. मराठीत छपराचे वासे बसवणारा, खुर्ची करणारा आणि शोकेसला सनमायका लावणारा, सगळे सुतार. जुन्या पॅरिसमध्ये कारागिरांच्या एकाच संघात दोन कामं वेगळी होती. भरीव लाकडात खुर्च्या करणारा तो 'मन्विझिए', आणि पातळ लाकडाचे पापुद्रे चिकटवून कपाटं सजवणारा 'एबेनिस्त'. मूळ शब्द एबनीवरून, म्हणजे आबनूस. इंग्रजीतला 'कॅबिनेटमेकर' दोन्ही करायचा. तेव्हा फ्रेंच खुर्चीखाली 'कॅबिनेटमेकर' दिसला की लोक 'एबेनिस्त' लिहितात, ते चूक. पॅरिसचा खुर्च्यांचा नामवंत कारागीर जॉर्ज जाकोब १७६५ साली त्या संघाचा मास्टर, म्हणजे उस्ताद झाला तो मन्विझिए म्हणून.

आता ताईंच्या विरोधात. वस्तू इंग्रजी असेल तर? लंडनचा फर्निचरवाला टॉमस चिपेंडेल, त्यानं १७५४ साली फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, नावात 'कॅबिनेटमेकर' होता. १७६२ साली लंडनमध्येच त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली. तिच्या नावात 'तापिसिए' आणि 'एबेनिस्त' दोघे आले, आणि तापिसिए म्हणजे गाद्या-पडदे करणारा. एका धंद्याचे दोन करावे लागले, बहुधा पॅरिसच्या गिऱ्हाइकाला लंडनचं दुकान तसंच समजणार होतं म्हणून. म्हणजे फोटो पुरत नाही. कोणाच्या देशातला कारागीर, हेही बघावं लागतं.

जुना_बाजार
ही माहिती छान! पण यानं माझीच बाजू भक्कम झाली. इंग्रजी वस्तूला इंग्रजी नाव राहू द्या. चेस्टरफील्ड सोफ्याला फ्रेंच माणूस चेस्टरफील्डच म्हणतो. बोन चायनाला 'पोर्सलेन फॉस्फातिक' असं शास्त्रीय नाव आहे, हाडांच्या राखेतल्या फॉस्फेटमुळे. त्या नावानं कुणी चहाचे कप विकत घेईल का?

फडताळ
केतकीताईंच्या मॉन्ट्रियलच्या प्रांतात, क्युबेकमध्ये, घ्यावे लागतील हो, तिथे फ्रेंचचा कायदा कडक आहे.

मला चिटाबद्दल बोलायचंय. आजी परकराच्या छापील कापडाला चीट म्हणायची, इंग्रजांनी त्याचं 'चिंट्झ' केलं. फ्रान्समध्ये ते 'अँदिएन', म्हणजे हिंदुस्थानी. तिथल्या रेशीम-लोकरवाल्यांनी इतकी ओरड केली की १६८६ पासून १७५९ पर्यंत अँदिएनवर बंदी होती. ती उठल्यावर लगेच १७६० मध्ये ओबेरकाम्फ नावाच्या कापड छापणाऱ्यानं पॅरिसजवळच्या जुई गावी छपाईचा कारखाना काढला. आता यादीत 'चिंट्झ' आलं तर काय लिहाल? कोरोमंडल किनाऱ्यावरचं अठराव्या शतकातलं कापड असेल तर अँदिएन. विसाव्या शतकातल्या इंग्रजी बंगल्यातला चकचकीत सोफा-कव्हर असेल तर फ्रेंचही 'चिंट्झ'च म्हणतात. शब्द एक, कापडं दोन. जुना_बाजार, इथे सैल राहून दाखवा.

जुना_बाजार
यादीत साल दिलेलं असेल तर दाखवीन. नसेल तर विचारीन. फोटो नाही मागणार.

केतकी_मॉन्ट्रियल
विचारणार म्हणालात, एवढंही पुष्कळ झालं. माझ्या यादीत १४ ठिकाणी विचारायला हवं होतं, मी एकदाही विचारलं नाही. आता तो कमोडचा फोटो सगळ्यांना पाठवते. सुताराचा_पोर, वडिलांना दाखवा, ते काय म्हणतील बघू.

सुताराचा_पोर
दाखवला. चष्मा लावून पाच मिनिटं पाहिला. म्हणाले, "नाव काय ठेवायचं ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. वाळवी लागलीय का, ते विचार त्यांना."