संगीत वाचून ऐकणं सुधारतं का?

आलापी
‘संगीत ऐकायचं असतं, वाचायचं नसतं’ हे वाक्य इतक्या आदराने उच्चारलं जातं की त्यावर कुणी वाद घालत नाही. मला घालायचा आहे. कलावंतांची चरित्रं, रियाजावरचं लेखन, संगीत आणि मेंदू यांविषयीची पुस्तकं यांनी ऐकणं खोल जातं, असं माझं ठाम मत आहे.

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. क्षयाच्या आजारामुळे ते १९४८च्या सुमारास देवासला राहायला गेले आणि पुढची काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. त्या काळात माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि पुढे लोकधुनांमधून त्यांनी धुनउगम राग उभे केले. हे ठाऊक असेल तर त्यांतले मालवती किंवा मधसुरजा हे राग ऐकताना कान आपोआप चलनातली, म्हणजे स्वरांच्या चालीतली, मूळ धून शोधायला लागतो. नुसत्या ध्वनिमुद्रणातून मला हे सापडलं नसतं.

रियाजी
असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं.

कुमारजींविषयी थोडंफार वाचलेला प्रत्येक जण एक वाक्य हमखास ऐकवतो : एक फुफ्फुस निकामी झालं, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी गात. एकदा हे डोक्यात बसलं की माणूस स्वर ऐकत नाही, आजार ऐकतो. कुठे थांबायचं, कोणता स्वर मध्येच सोडून द्यायचा हा त्या गायकाचा विचार होता. त्याचं श्रेय आपण क्षयाला देऊन मोकळे होतो. चरित्र कानाला दिशा देतं हे मान्य, पण बहुतेक वेळा चुकीची.

शिवाय कागदावर उतरतं तरी काय? दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे संथ हेलकावणारा, गंधार (‘ग’) लिहून दाखवा. ‘ग’खाली आडवी रेघ दिली की तो कोमल आहे एवढंच कळतं. तो किती खाली झुकतो, किती संथ हलतो, हे गुरूसमोर बसूनच कळतं.

कोमल निषाद
रियाजी, गंधाराचा मुद्दा बिनतोड आहे. पण संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनाही तो माहीत होताच की! तरीही त्यांनी घराण्याघराण्यांत अडकलेल्या चिजा (बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या रचना) मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि सगळ्यांसाठी छापल्या. गुरूने शिकवलं नाही तर बंदिश त्याच्याबरोबरच जायची, असा तो काळ. ‘समोर बसूनच कळतं’ म्हणताना कुणाला समोर बसू दिलं जात होतं, हाही प्रश्न विचारा. ज्याला गुरू मिळत नाही त्याने काय करायचं?

आणि त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही खंड मराठीत आहेत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू वेगवेगळी मतं समोर ठेवतो. रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, कोणता यावर केवढा खल! तो वाचल्यावर राग म्हणजे आरोह-अवरोहाची यादी, ही समजूत टिकूच शकत नाही.

रियाजी
जतन केलं याबद्दल भातखंड्यांचे उपकारच आहेत. पण सांगाडा जपणं वेगळं आणि त्यात प्राण फुंकणं वेगळं. चीज छापलेली असते, ती मांडायची कशी हे छापलेलं नसतं.

मात्रा
रियाजावरच्या पुस्तकांबद्दल थोडं. ‘दहा हजार तास’ हा आकडा आता सगळीकडे दिसतो. त्याचं मूळ १९९३च्या एका शोधनिबंधात आहे : बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकट्याच्या रियाजाची ती ढोबळ सरासरी होती. सरासरी! तेवढे तास भरले की कलावंत होतो, असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांचा भर चुका हेरून सुधारण्यावर होता. लोकप्रिय पुस्तकांनी आकडा उचलला आणि रियाजाचा दर्जा मागे टाकला.

शुश्रूषा
मी रुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करते, म्हणून उपचाराबद्दल लिहायलाच हवं. इथे पुस्तकांनी भलंही केलंय आणि नुकसानही.

नुकसान आधी. १९९३मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा प्रयोग आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी, दहा मिनिटं मोत्झार्टचं संगीत ऐकणं, मग आकार-अवकाशाची कोडी. गुण थोडे वाढले आणि तो परिणाम १० ते १५ मिनिटांत ओसरला. त्यावरून ‘मोत्झार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ असा बाजार उभा राहिला. आपल्याकडचे ‘अमुक राग, तमुक रोग’ असे तक्ते त्याच जातीचे. असा तक्ता वाचून कुणी रक्तदाबाची गोळी बंद केली तर जबाबदार कोण? मला याचा खरंच राग येतो.

पण म्हणून सगळंच खोटं नाही. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या काही रुग्णांना शब्द बोलता येत नाहीत, पण गाता येतात. त्यावर आधारलेली उपचारपद्धती १९७३पासून नोंदलेली आहे. पार्किन्सनच्या रुग्णाला ठेका ऐकवला की पावलं लांब आणि नियमित पडू लागतात, हे मी रोज बघते. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांचं ‘म्युझिकोफिलिया’ मला आवडतं ते यासाठी, की संगीतामुळे फेफरं येणारी माणसंही त्यात आहेत. बरं करणाऱ्या गोष्टीची दुसरी बाजूही डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिली.

आलापी
शुश्रूषा, तक्त्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण बघा, तो भ्रम तुम्ही मोडलात तोही वाचूनच. ३६ विद्यार्थी आणि १५ मिनिटं हे आकडे कान देऊन ऐकल्याने मिळत नाहीत.

रियाजी, चरित्र कानावर स्वार होतं हा तुमचा आक्षेप मला गंभीर वाटतो. त्यावर उपाय म्हणून मी एका चरित्रावर थांबत नाही. त्याच गायकाबद्दल शिष्याने लिहिलेलं, समीक्षकाने लिहिलेलं, जमल्यास त्याचं स्वतःचं लेखन असं शेजारी ठेवते. फुफ्फुसाचं वाक्य तिथे आपोआप लहान होतं.

रियाजी
तीन पुस्तकं वाचण्याच्या वेळात एक यमन तीन गायकांचा ऐकून होतो. मी शिकणाऱ्यांना तेच सांगतो : आधी ऐका, गंधारावर कोण किती रेंगाळलं ते स्वतः टिपा, आणि मगच चरित्र उघडा. क्रम उलटा केलात, तर दुसऱ्याचं मत पाठ होतं.