मदत हवी आहे: राउटरचे फुगलेले कपॅसिटर बदलायचे आहेत

घरचा जुना राउटर सकाळी थंड असताना सारखा रीस्टार्ट होतो, तापला की बरा चालतो. फॅक्टरी रीसेट केला, फर्मवेअर पुन्हा टाकलं, १२ व्होल्ट १ अँपिअरचा दुसरा चांगला अडॅप्टर लावला, फरक नाही.

उघडल्यावर ३.३ व्होल्ट लाइनवरचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले: १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, १०५ अंश, व्यास ८ मिमी. इनपुटचा ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टवाला दिसायला ठीक आहे, तरी तोही बदलेन.

गावातल्या दुकानात १००० मायक्रोफॅरडचे साधे, २५ व्होल्ट, ८५ अंशाचेच आहेत आणि जाडही. व्होल्टेज जास्त चालतं हे माहीत आहे. शंका ईएसआरची (कपॅसिटरच्या आतल्या रोधाची) आहे. घरी बंद मदरबोर्डवर त्याच क्षमतेचे ६.३ व्होल्टचे लो-ईएसआर आहेत, दिसायला धड, पण जुने. ईएसआर मीटर नाही, साधा मल्टिमीटर आहे.

दुसरी अडचण: २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने ग्राउंडच्या पायाचं सोल्डर वितळतच नाही. (नवा राउटर घ्या हे घरचे रोज सांगतातच.)

तर मदरबोर्डवरचे काढून लावू की लो-ईएसआर ऑनलाइन मागवू? आणि ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) न उचलता तो ग्राउंडचा पाय कसा सोडवायचा?