टायमिंग बेल्ट बदलल्यापासून जिप्सी घाट चढेना – खुणा जुळवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९८ ची मारुती जिप्सी आहे, १३०० सीसी, आठ व्हॉल्व्हवाली, कार्बोरेटरची. आमचं गाव कासच्या पलीकडे, बामणोलीच्या वाटेवर. पावसाळ्यात आईला दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला तपासणीला न्यावं लागतं, आणि त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर भरवशाची गाडी हीच. म्हणून जून उजाडायच्या आत टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवणारा दातेरी पट्टा, बदलून घेतला. जुन्या बेल्टच्या कडेचे धागे सुटले होते आणि कॅमच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून तो एका बाजूने ओला झाला होता. सीलही तेव्हाच बदललं.

गाडी आणली त्या दिवसापासून तिच्यात जीव नाही. सेल्फला लगेच चालू होते, आयडलला जवळजवळ ठीक, किंचित थरथर. सपाटीवर ५० पर्यंत जाते. पण यवतेश्वरचा घाट लागला की दम सुटतो. जिथे तिसऱ्यावर सहज चढायची तिथे आता दुसऱ्यावरही रडते. पेट्रोलही जास्त पितेय.

मेस्त्रींकडे दोनदा जाऊन आलो. त्यांनी माझ्यासमोर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून दाखवली. पुलीवरची खाच पट्टीवर जिथे हवी तिथेच दिसत होती. "टायमिंग बरोबर आहे, कार्बोरेटर साफ करा," म्हणाले. तोही केला. फरक शून्य.

घरी येऊन बॉनेट उघडून बघत बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) ज्या लांबट खाचेत फिरतो, त्या खाचेच्या अगदी टोकाला तो नेऊन आवळलाय. जुना काळा डाग बघता पूर्वी तो मधोमध असायचा. याचा काही संबंध आहे का?

मला पाना धरता येतो. ब्रेक शू, क्लच केबल, टॅपेट घरीच करतो. बेल्टला कधी हात लावलेला नाही आणि भीती वाटते ती एकाच गोष्टीची : बेल्ट काढल्यावर कॅम आपोआप फिरला आणि पुलींवरच्या जुळवायच्या खुणा हरवल्या तर काय? कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

तो डिस्ट्रिब्युटरच तुमचं उत्तर आहे.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावर चालतो. बेल्ट लावताना कॅम एक दात मागे राहिला तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि त्याच्यासोबत ठिणगीही उशिरा पडते. मेस्त्रींनी लाइट लावली, ठिणगी मागे दिसली, म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवत फिरवत ती जागेवर आणली. तेवढ्याने खाच संपली. ठिणगी सुधारली, व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडतायत. टायमिंग लाइटला फक्त ठिणगी आणि क्रँक यांचं नातं दिसतं. व्हॉल्व्हचं तिला काहीच कळत नाही. म्हणून लाइट "बरोबर" म्हणते आणि गाडी घाटात बसते.

एका दाताने एवढं काय होतं असं वाटेल. क्रँकच्या दातेरी पुलीला समजा २० दात धरले, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. इनलेट व्हॉल्व्ह तेवढा उशिरा मिटतो, पिस्टन वर निघालेला असतो आणि कमी आरपीएमला भरलेलं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. घाटात नेमकी तीच ताकद लागते.

उघडण्याआधी खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवले तर संशय बेल्टवर. एखादाच कमी असेल तर गोष्ट वेगळी. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारा) मिळाला तर अजून छान. कॅम मागे असेल तर काटा स्थिर राहतो पण खाली राहतो. सातारा साधारण ७०० मीटरवर आहे, हवा विरळ, म्हणून गेजच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोनेक इंच (पाऱ्याचे) कमी धरूनच निष्कर्ष काढा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त एक सूचना. जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरने खुणा करून, दात मोजून नवा बेल्ट चढवायची युक्ती बरेच जण सांगतील. एरवी चांगली आहे. तुमच्या गाडीत मुळात खुणाच चुकलेल्या असतील, तर तीच चूक तुम्ही पुन्हा काळजीपूर्वक बसवाल. कंपनीच्या खुणांवरच जा.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

बाळा, मी तीस वर्षं फिटरकाम केलं, त्यात जिप्सी आणि एस्टीम पुष्कळ आल्या. सावकाश वाच आणि एक दिवस पूर्ण हातात ठेव.

जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे, त्यामुळे बेल्ट रेडिएटरच्या तोंडाला येतो. रेडिएटर काढलास तर जागाही मिळते आणि फिन्सही वाकत नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह काढ, गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड. पंखा, त्याचं कव्हर, फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, मग क्रँकची पुली आणि शेवटी टायमिंग कव्हर. चारही प्लग काढून ठेव, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं.

आता खुणा. दोनच आहेत. वर कॅमच्या पुलीवर 'ई' अक्षर, ते आतल्या कव्हरवरच्या 'व्ही' आकाराच्या खुणेसमोर यायला पाहिजे. खाली क्रँकच्या दातेरी पुलीवर पंचाचा ठिपका, तो ऑइल पंपावरच्या बाणासमोर. घोटाळा खालीच होतो. कुणी पुलीला दांड्यावर धरणाऱ्या चावीच्या खाचेलाच खूण समजतो, कुणी बाहेरच्या पुलीची इग्निशनची खाच धरतो. ठिपका घासून पुसून, त्यावर पांढरा रंग भरून मगच बघ. आणि डोळा समोर आणून बघ, वरून तिरकं बघितलंस की अर्ध्या दाताचा फरक डोळाच दाखवतो.

क्रँक नेहमी मधल्या बोल्टाला गोटी पाना लावून फिरवायची, रेडिएटरकडून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने. कॅमच्या बोल्टाला पाना लावून अख्खं इंजिन फिरवायचं नाही.

तुझ्या भीतीचं उत्तर आता देतो, आणि माझ्या मते सगळ्या कामातली कळीची गोष्ट हीच. हेड कव्हर काढ आणि रॉकरचे (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारे हात) सगळे टॅपेट स्क्रू, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट ठरवणारे स्क्रू, पूर्ण सैल कर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात, म्हणून बेल्ट सुटला की तो झटका देतो. टॅपेट सैल केले की कॅम मोकळा होतो, बोटाने फिरतो, ठेवशील तिथे राहतो. पण कारण तेवढंच नाही. या इंजिनात बेल्टचा ताण टेन्शनरची लहान स्प्रिंग ठरवते. कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी अडकून बसलेला असेल तर त्या लहान स्प्रिंगला बेल्ट ओढून घेता येत नाही. ढिलाई कुठेतरी लपून राहते आणि इंजिन चालू झाल्यावर बाहेर येते. घाईत असलेला माणूस हे टॅपेटचं काम टाळतो, कारण नंतर आठही पुन्हा सेट करावे लागतात.

बेल्ट चढवताना टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ. क्रँक कॅमला त्याच बाजूने ओढते. तिथे ढिलाई राहिली तर उभ्या गाडीत खुणा जुळलेल्या दिसतात आणि फिरवल्यावर कॅम मागे पडतो. मग टेन्शनरची स्प्रिंग अडकव, बोल्ट सैलच ठेव, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरव. खुणा पुन्हा जुळल्या का बघ, आणि मगच आधी टेन्शनरचा स्टड, नंतर त्याचा बोल्ट आवळ. उलट क्रम नको.

एका फेऱ्यानंतर 'ई' खाली गेलेली दिसेल. घाबरू नको, क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) एकच्या ऐवजी चार नंबरच्या वायरीकडे बघत असला तरी डिस्ट्रिब्युटर उपटू नकोस, एक आणि चारचे पिस्टन बरोबरच वर येतात.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून गोठ्याच्या भिंतीला लावलाय, तिथेच काम करणार आहे. एक शंका : सेल्फ मारून दोन फेरे दिले तर चालतील का?

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

अजिबात नाही. हाताने. एखाद्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला भिडत असेल तर हाताला अडथळा लागतो आणि थांबता येतं. सेल्फ थांबत नाही. कुठलीही गाडी असो, ही सवय सोडायची नाही.

प्रतिसाद ४ (मिशिगन)

इथे हीच गाडी सुझुकी सॅमुराई नावाने विकली जायची, इंजिन १३०० सीसीचंच. माझ्याकडे एक आहे. काकांनी सांगितलेली टॅपेट सैल करण्याची पायरी कारखान्याच्या मॅन्युअलमध्येही आहे. दोन गोष्टींची भर : क्रँकवर बेल्टच्या पुढेमागे जो गोल पत्रा असतो, त्याची खोलगट बाजू ऑइल पंपाकडे. आणि क्रँकचा मधला बोल्ट काढलात तर टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा. तो सैल राहिला की चावी आणि तिची खाच झिजते, मग पुली डुलते आणि खुणा कितीही जुळवल्या तरी टिकत नाहीत.

प्रतिसाद १

विसरू नये म्हणून : बेल्ट बरोबर बसला की डिस्ट्रिब्युटर आत्ता आहे तिथे ठेवून गाडी पळवू नका. ठिणगी फार आधी पडेल आणि इंजिन चढावर खडखडेल. आधी त्याला जुन्या डागावर आणा, मग लाइट लावा.

धागाकर्ता

काम झालं. सकाळी सातला सुरू केलं, दिवे लागणीला संपलं.

कव्हर काढून क्रँकचा ठिपका बाणावर आणला. वर 'ई' खुणेच्या अलीकडेच थांबलेली, बरोबर एक दात मागे. मी फोटो काढून ठेवलाय, मेस्त्रींना शांतपणे दाखवणार आहे. भांडायचं नाही, पुढच्या गाडीला तरी हे होऊ नये.

टॅपेट सैल केल्यावर कॅम खरंच बोटाने फिरला. तोपर्यंत छातीत धडधड होती, ती तिथे थांबली. बेल्ट पहिल्यांदा चढवला तेव्हा खुणा जुळल्या, पण दोन फेरे दिल्यावर 'ई' पुन्हा किंचित मागे. टेन्शनर नसलेल्या बाजूला ढिलाई राहिली होती. काढला, कॅमची पुली हाताने धरून ती बाजू ताठ केली आणि परत चढवला. या वेळी दोन फेऱ्यांनंतर जागेवर. खात्रीसाठी अजून दोन दिले. मग स्टड, मग बोल्ट.

डिस्ट्रिब्युटर जुन्या डागावर आणताच लाइटला फक्त केसभर हलवावा लागला. काल आईला घेऊन साताऱ्याहून परतलो. यवतेश्वर तिसऱ्यावर, मध्ये एकदाही दुसरा टाकला नाही. आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात चालायची तशी चालतेय."

दोन नंबर सिलिंडरच्या टॅपेटचा बारीक टकटक आवाज येतोय. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुन्हा लावून बघतो आणि इथे कळवतो.