ईगलनेस्टमध्ये 'काहीच' दिसत नाही?

देवराई:
परवा येथे 'ऑरेंजसिटी' यांनी लिहिले, की अरुणाचलातील ईगलनेस्टमध्ये सहा दिवस घालवून 'एकही जनावर दिसले नाही, त्यापेक्षा ताडोबा बरे'. उत्तर लांबणार, म्हणून वेगळा धागा काढला. जेमतेम 218 चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात उंची 500 मीटरपासून 3,250 मीटरपर्यंत चढते. सकाळी लामा कॅम्पला शेवाळाने लगडलेल्या ओकवृक्षांखाली कुडकुडावे, खिंड ओलांडून बोंपूच्या बांबूत जेवावे आणि संध्याकाळी सेसनीच्या खाली रानकेळींमध्ये घाम पुसावा, असे तीन मुलूख एकाच कच्च्या रस्त्यावर भेटतात. तेथे जिप्सीत बसून वाघाची वाट पाहणाऱ्याला काही दिसणार नाही, हे उघड आहे.

ऑरेंजसिटी:
उपदेशाबद्दल आभारी आहे. पैसे माझे होते, धुके माझ्या वाट्याचे होते आणि मोज्यात शिरलेल्या जळवाही माझ्याच होत्या, तेव्हा निराश होण्याचा अधिकार तरी मला असावा. शिवाय खरी चीड वेगळीच आहे. आमच्यापुढे तिघे छायाचित्रकार होते आणि प्रत्येक वळणावर त्यांच्या स्पीकरमधून पक्ष्यांची ध्वनिमुद्रित साद वाजत होती. खरी शीळ कोणती आणि यंत्राची कोणती, हे तिसऱ्या दिवशी मला कळेनासे झाले.

टेलीलेन्स:
साद वाजवणे म्हणजे जणू शिकार, असा सूर नेहमीचाच. त्या बांबूच्या जाळीत चार फुटांवरचा पक्षीही दिसत नाही. मी वीस सेकंद वाजवतो, छायाचित्र घेतो आणि निघतो. पक्षिगणना करणारे अभ्यासकही हेच तंत्र वापरतात, त्यांना मात्र कोणी बोल लावत नाही.

देवराई:
अभ्यासक एकदा येतो. आपल्यासारखे हंगामभर रोज येतात, आणि प्रत्येकाचे सेकंद वीसच असतात! विणीच्या दिवसांत नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून चारा सोडून धावून येतो. ईगलनेस्टमधला बुगुन लिओसिक्ला हा पक्षी (नाव तिथल्या बुगुन जमातीवरून) शोधाच्या वेळी मोजून 14 दिसला होता. पुण्यात खगोलशास्त्र करणाऱ्या रमणा अत्रेय यांनी 2006 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही पक्षी न मारता, जाळ्यात सापडलेल्यांची पिसे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे. एक माणूस नमुन्यासाठीसुद्धा जीव घेत नाही आणि आपल्याला फेसबुकसाठी तो फांदीवर हवा, तोही उजेडात!

टेलीलेन्स:
व्यक्तिगत होऊ नये. मी फेसबुकवर नाही.

सह्यकडा:
दोघेही वाटाड्याला विसरलात. मी गेलो तेव्हा आमचा बुगुन वाटाड्या साद वाजवायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच एका गृहस्थांनी 'इतके पैसे मोजले ते कशासाठी' असे सुनावले आणि त्याने मान खाली घालून मोबाइल काढला. ते गृहस्थ माझे सख्खे मेहुणे, त्यामुळे मीही गप्प बसलो. अभयारण्यालगतच्या सिंगचुंग गावच्या बुगुन लोकांनी स्वतःच्या जंगलातील 17 चौरस किलोमीटर 2017 मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून दिले. त्यांच्या पोरांनी पक्षी जपायचा की पाहुण्याची मर्जी?

टेलीलेन्स:
हा मुद्दा मान्य करावा लागतो, देवराईंचा नव्हे. पुढच्या वेळी स्पीकर घरी ठेवीन; रिकाम्या हाताने परतलो तर भाडे देवराईंनी भरावे.

ऑरेंजसिटी:
धागा माझ्या नावाने निघाला, म्हणून एक दुरुस्ती. बोंपूकडे उतरताना एका वळणावर हत्तीची लीद दिसली, त्या थंडीत तिच्यातून वाफ निघत होती. चालकाने इंजिन बंद केले आणि अर्धा तास आम्ही सहाजण खिडक्यांच्या काचा खाली करून, न बोलता बसलो. बांबू मोडल्याचा आवाज दोनदा आला, दुसऱ्यांदा अगदी जवळून. हत्ती दिसला नाही. एवढ्याला जनावर पाहिले म्हणत असाल, तर 'एकही नाही' हे शब्द मी मागे घेतो. ताडोबाचे आरक्षण मात्र रद्द करणार नाही.