'संस्थात्मक शेती' म्हणायचं की अजून काही? आणि तिथल्या 'जॉब'ला काय म्हणू?

मृणाल_रामबाग
मंडळी, एका ठिकाणी फार अडकले आहे. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एका इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय, विषय असा की एखाद्या संस्थेची मोठी शेती, म्हणजे विद्यापीठाची, सरकारी महामंडळाची, कारखान्याची, गावाजवळ आली की आसपासच्या गावांतल्या जॉब्सवर काय परिणाम होतो. मी पहिल्याच ओळीत लिहिलं 'संस्थानी शेती'. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, हे होळकरांच्या शेतीबद्दल आहे का? खरंच, इंदुरात संस्थान म्हटलं की होळकर सरकारच डोळ्यासमोर येतं. मग 'संस्थात्मक शेती' केलं तर आई म्हणाली याचा अर्थच लागत नाही.
दुसरी अडचण 'जॉब'ची. मी 'नोकऱ्या' लिहिलं तर बाबा पुन्हा म्हणाले, खुरपायला जाणाऱ्या बाईला कोणी नोकरी लागली म्हणतं का? आमचे आजोबा अशाच एका फारमवर ओव्हरसियर होते, त्यांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रकार होते, जे मस्टरवर, म्हणजे कायम हजेरीपटावर, होते ते 'नोकरीत' आणि जे रोज सकाळी गेटशी येऊन उभे राहायचे ते 'कामावर'. आता टिपणात तर दोन्हींना एकच शब्द आहे. काय करू?

शब्दसंग्राहक
शब्द तयार आहे, प्रक्षेत्र. कृषी विद्यापीठांत तोच वापरतात, आपल्या मध्यप्रदेशात पाटीवर चक्क 'शासकीय कृषि प्रक्षेत्र' लिहिलेलं असतं. नेमका शब्द असताना फारम-बिरम कशाला? आणि जॉबला रोजगार. झालं.

सांवेरचा_सुहास
दादा, प्रक्षेत्र पाटीवर आहे, तोंडात नाही. आमच्या गावाच्या दोन कोसांवर असं फारम आहे, तीस वर्षांत मी एकाही माणसाच्या तोंडून प्रक्षेत्र ऐकलं नाही, साहेब लोकांच्यासुद्धा नाही. "फारमवर चाललो", "फारमची बस आली का", असंच. मृणालताई, ज्यांच्याबद्दल लिहून राहिल्या आहात त्यांना तरी वाचून कळेल असा शब्द घ्या ना.

शब्दसंग्राहक
तोंडात नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा तर मग मराठीत उरेल काय? आधी छापायचं, मग तोंडात बसतो. महापौर, दिनांक हे शब्द असेच बसले.

हरेगावकर
मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला, 22 वर्षं झाली इंदुरात. आमच्याकडे याला साधा शब्द आहे, मळा. शेती महामंडळाचे मळे. थोडं मागचं सांगतो कारण शब्द त्यातूनच आलेत. साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून जमिनी खंडाने, म्हणजे ठराविक रक्कम देऊन कसायला, घेतल्या, ते शेतकरी म्हणजे खंडकरी. मग 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 साली त्या कसायला राज्य शेती महामंडळ काढलं. म्हणजे हजारो एकर एका हाताखाली, मळ्यावर मुकादम, हजेरी, चाळी, सगळं. तिथे 'नोकरीला' असलेला आणि 'रोजाने' येणारा हा फरक मृणालताईंच्या आजोबांसारखाच होता. माझ्या मावशीचे यजमान अशाच एका मळ्यावर होते, मावशी अभिमानाने सांगायची "हे पर्मनंट आहेत". पुढे खंडकऱ्यांचा लढा झाला, 2012 नंतर त्यांना जमिनी परत मिळायला लागल्या, ते बरोबरच झालं. पण मळ्यावर जन्म घालवलेल्या माणसाच्या नावावर तर कधीच जमीन नव्हती, त्याच्यासाठी मळा गेला म्हणजे काम गेलं आणि खोलीही गेली. त्यामुळे मला वाटतं की रोजगार हा शब्द फार गुळगुळीत आहे, त्यात हे काही दिसत नाही.

मृणाल_रामबाग
हरेगावकर काका, अगदी हेच मला म्हणायचं होतं, नीट सांगता येत नव्हतं.

निमाडी_अवनी
खंड वरून आठवलं. इंग्रजीतला फार्म हा शब्द तरी कुठे मुळात शेत आहे! जुन्या फ्रेंचमधला फेर्म, त्याच्यामागे लॅटिनमधला फिर्मा, म्हणजे ठरवून बांधलेली रक्कम. ठराविक रकमेवर दिलेली जमीन ती फार्म आणि होता होता जमिनीलाच फार्म म्हणायला लागले. म्हणजे फार्म = खंड! आपल्या खंडकऱ्याचा आणि त्यांच्या फार्मरचा अर्थ एकाच जागेवरून निघालाय हे कळलं तेव्हा मला रात्री झोप नाही आली. मग फारमला परका का म्हणायचं?

शब्दसंग्राहक
अर्थ जुळला म्हणून शब्द आपला होत नाही अवनीताई.

निमाडी_अवनी
आणि रोजगार कुठला आहे दादा? फारसी. रोज म्हणजे दिवस, आणि रोजगार म्हणजे तिकडे काळ, जमाना. मजूरही फारसी, मुज्द म्हणजे मोबदला. मस्टर इंग्रजी. जिरायत, बागायत दोन्ही बाहेरचे. एवढं सगळं काढून टाकलं तर शेतात उभं कोण राहणार?
आमच्या निमाडात आणि माळव्यातही रोजंदारीला 'दाडकी' म्हणतात, दाडकीला जाणं, दाडक्या माणूस. माझ्या मते हा जुना 'दिहाडा', म्हणजे दिवस. मृणालताई, तुमच्या टिपणात हा शब्द घातला तर इंदूरच्या वाचकाला लगेच चित्र दिसेल.

बडोद्याची_वहिनी
अवनी बरोबर वाटतं मला, गुजरातीत दहाडो म्हणजे दिवस आणि दाडियो म्हणजे रोजाने येणारा. मी माहेरची देपालपूरची, त्यामुळे दोन्ही ऐकलंय.

सांवेरचा_सुहास
दाडकी चांगला शब्द आहे पण तो रोजाचा झाला. वर्षाच्या माणसाला आमच्याकडे हाळी म्हणतात. महाराष्ट्रात सालगडी, खानदेश-विदर्भात सालदार. संस्थेचं फारम आलं की सगळ्यात आधी फरक पडतो तो या माणसावर. आमच्या वडिलांकडे वर्षाचा हाळी होता, धान्य, दोन जोडी कपडे, थोडी रोकड असा हिशेब, आणि फारमवर मात्र कलेक्टर रेटने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मजुरीच्या दराने, रोख मिळायचे, दर हप्त्याला. दोन वर्षांत गावातले निम्मे हाळी तिकडे गेले. वडील तेव्हा चिडले होते, नंतर स्वतःच म्हणायचे की माणसाला हातात पैसा मिळायला लागला ते चांगलं झालं, आणि आम्हालाही मजुरी वाढवावी लागली. म्हणजे फारममुळे फारमच्या बाहेरचीही मजुरी वाढली, हे टिपणात असेल तर नक्की ठेवा ताई.

बडोद्याची_वहिनी
सुहासभाऊ, हाळी शब्द कृपा करून छापू नका. दक्षिण गुजरातेत हाळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बांधलेला माणूस, लग्नासाठी मालकाकडून उचल घ्यायची आणि आयुष्यभर, कधी कधी मुलानेही, फेडायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. इकडच्या वाचकाला तो शब्द वाचून फार लागेल.

सांवेरचा_सुहास
वहिनी, आमच्याकडे त्यात तसं काही नव्हतं, हाळी म्हणजे हल, नांगर, चालवणारा, एवढंच. आमच्या घरी तो आमच्याबरोबर जेवायचा.

बडोद्याची_वहिनी
तुमच्या घरचं मी नाही म्हणत. पण त्याला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं का? मी खरंच विचारतेय. उचल तुमच्याकडेही देत असतीलच ना?

सांवेरचा_सुहास
द्यायचे. खरं आहे. याचा मी असा विचार केला नव्हता.

हरेगावकर
वेठबिगार हा शब्दही बघा, वेठ संस्कृत विष्टीवरून आणि बिगार फारसी, दोन्हींचा अर्थ तोच. जुलूम एवढा की एका भाषेत मावला नाही, असं माझे मास्तर म्हणायचे.
आणि कामगार? जोतीराव फुल्यांच्या लिखाणात 'भट कामगार' येतात ते सरकारी अंमलदार! आज कामगार म्हणजे कष्ट करणारा.

बडोद्याची_वहिनी
कामदारचंही तेच. माळव्यात ठिकाण्याचा कामदार म्हणजे जहागिरदाराचा कारभारी, आणि आमच्या बडोद्यात कामदार म्हणजे फॅक्टरीतला मजूर. लग्न करून आले तेव्हा सासरी कोणीतरी "ते कामदार आहेत" म्हणाले आणि मी मोठा माणूस समजून उठून उभी राहिले होते, सासूबाईंनी नंतर समजावलं.

शब्दसंग्राहक
म्हणूनच म्हणतो की बोलीचा भरवसा नाही, प्रमाण शब्द हवा. एका ठिकाणी कारभारी, दुसरीकडे मजूर, तिसरीकडे बांधलेला माणूस. मृणालताईंचा लेख इंदुरातही वाचतील, पुण्यातही. तिथे प्रक्षेत्र आणि रोजगार हेच चालतील. मला बोलीबद्दल प्रेम नाही असं समजू नका, माझी आजी शुद्ध माळवी बोलायची.

पिपल्याहानावाला
उशिरा आलो. इंदूरच्या संदर्भात तरी हे फारम काही नवीन नाही. 1924 साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे आले, होळकर दरबारने सुमारे 300 एकर जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तेच आजचं कृषी महाविद्यालय. म्हणजे मृणालताई, तुमचं 'संस्थानी शेती' इंदूरपुरतं एका अर्थाने चूक नाहीच, संस्थानाने दिलेल्या जमिनीवरची संस्थेची शेती! जगभर गेलेली इंदूर पद्धत, म्हणजे कंपोस्टची, ती इथलीच. 1931 साली हॉवर्डनी आणि त्यांचे सहकारी, आपले यशवंत वाड, यांनी मिळून ती लिहून काढली. काडीकचरा, शेण, मूत्रमाती (गोठ्यातली मूत्र मुरलेली माती) थरावर थर घालायचे आणि तीन वेळा पलटायचं, सुमारे तीन महिन्यांत खत. हे सगळं फावड्याने आणि टोपल्यांनी. पलटणारे हात कोणाचे? आसपासच्या वस्त्यांतलेच. त्या माणसांना तेव्हा काय म्हणत असतील, हाच माझाही प्रश्न आहे.

निमाडी_अवनी
किती छान. आणि खंडवा रोडचं सोयाबीनचं संशोधन केंद्र 1987 चं. सोयाबीन आलं आणि आमच्याकडचे, झाबुआकडचे लोक कापणीला टोळ्यांनी जायला लागले, आता हार्वेस्टर आला तर ते काम अर्ध्यावर आलं. कापणीवरून, राजस्थानात कापणीला लावणी म्हणतात! आपली भाताची लावणी म्हणजे बरोबर उलट. त्यांची संस्कृत 'लू', कापणे, यावरून असावी.

सांवेरचा_सुहास
हार्वेस्टरने अजून एक नेलं, कापणीनंतर बाया कणसं-ओंब्या वेचायच्या ते. आम्ही सिल्ला म्हणायचो. मराठीत काय आहे?

हरेगावकर
सरवा! सरवा वेचणे. माझ्या आईने वेचलाय. आणि तुमचा सिल्ला म्हणजे थेट संस्कृत शिल, शिलोंछवृत्ती म्हणतात ना, त्यातला. शिल म्हणजे कणसं वेचणं, उंछ म्हणजे दाणे वेचणं.
आणि मृणालताई, हे तुमच्या टिपणात नसेल बहुतेक. छोट्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचायला कोणी अडवत नसे. संस्थेच्या शेताला कुंपण आणि वॉचमन, पडलेली ओंबीही संस्थेचीच. हे नोकरीत मोडत नाही, रोजगारात मोडत नाही, दाडकीतही नाही. पण आईच्या घरात त्यावर महिना-दीड महिना निघायचा.

मृणाल_रामबाग
काका, इंग्रजी टिपणात याचं नावच नाही. जितके जॉब तितके आकडे, बस. मी तळटीप घालू शकते का ते संपादकांना विचारते. फारम ठेवतेय, शब्दसंग्राहक दादा माफ करा, एकदा कंसात प्रक्षेत्र लिहीन. जॉबला मात्र अजून काही ठरत नाहीये. दोन ठिकाणी 'काम' लिहिलं, तीन ठिकाणी 'नोकरी', वाचताना विस्कळीत वाटतं, पण एकच शब्द घातला तर आजोबांचं गेट डोळ्यासमोरून जातं.

शब्दसंग्राहक
कंसात का होईना, ठेवा. सरवा मात्र माझ्याकडच्या यादीत नव्हता, लिहून घेतला. तो ज्वारी-बाजरीचाच का, गव्हाचाही?

हरेगावकर
सगळ्याचा. आमच्याकडे भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचायलाही बाया सरव्याला जातो म्हणायच्या.

पिपल्याहानावाला
मग बटाट्याचं? महूकडे बटाटा काढून झाला की पोरं मागून उकरत फिरायची, आम्हीही गेलोय. त्याला घरी काहीतरी वेगळा शब्द होता, आजीचा. कोणाला माहीत आहे का?