पोरांना घेऊन जवळच कुठं कुठं फिरलात? सोलापूरकरांनो, लिहा की

सुट्टी लागली की शेजारपाजारचे गोवा नाहीतर महाबळेश्वर करून येतात आणि वर आम्हालाच विचारतात, तुम्ही कुठं गेलता? आम्ही गेलतो हिप्परग्याच्या तलावावर. तुळजापूर रोडला, घरापासून अर्धा तास पण नाही. डब्यात दशम्या, शेंगाचटणी, दही आणि डिकीत कायम पडलेली जुनी चादर. मोठी सात वर्षांची, धाकटा चार. तलाव इंग्रजांच्या काळातला आहे, याला एकरूखचा तलाव पण म्हणतात असं मी मोठ्या उत्साहानं सांगायला घेतलं तर दोघं बांधावरच्या दगडाशी उकिडवे बसून मुंगळे बघायलेत. चटणीचा एक कण पडला होता तो एका मुंगळ्यानं उचलला, दुसऱ्यानं ओढला, मग तिसरा आला, आणि हे दोघं नाक दगडाला टेकवून पाऊण तास! तलावाकडं एकानं मान वर करून बघितलं असेल तर शपथ. घरी आल्यावर आजीला सांगितलं ते पण मुंगळ्यांचंच.

तर तुमचे असले अनुभव लिहा. एका दिवसात जाऊन येण्यासारखं, लहान पोरं बरोबर असलेलं. काय जमलं, काय फसलं, सगळं. रिसॉर्टची पॅकेजं नकोत, त्याच्या जाहिराती फोनवर येतातच.

*

नळदुर्ग. हैदराबाद रोडनं तासाभरात. पण पावसाळ्यातच जा आणि त्यातही बोरी नदीला पाणी आहे का कुणालातरी विचारूनच जा. आम्ही पहिल्यांदा जूनमध्ये गेलो, नर मादी धबधबा बघायचा म्हणून पोरांना चार दिवस फुगवून ठेवलं होतं, आणि तिथं थेंब नाही. पोरगं म्हणतंय पप्पा नळ बंद आहे. दुसऱ्यांदा सप्टेंबरात गेलो तेव्हा काय ते पाणी ओ! बंधाऱ्यावरून दोन्हीकडनं कोसळतंय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आदिलशाही काळातला, तिथं आत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. माझी पाच वर्षांची पोरगी हात बाहेर काढून बघायची, परत आत घ्यायची, हात ओला फ्रॉक कोरडा, हे तिला काही केल्या पटेना. किल्ला मोठा आहे, सगळा बघायच्या नादाला लागू नका. उपळी बुरजाच्या पायऱ्या चढताना धाकट्याला कडेवर घेतला तो खाली येईपर्यंत कडेवरच, माझी कंबर दोन दिवस बोलत होती.

आणि एक राग काढायचाच आहे. परत येताना हायवेवर एका मोठ्या हॉटेलात थांबलो, बाहेर पाट्या, लायटिंग, सगळं झकास, आणि बायकांच्या बाथरूमला कडी नाही. पोरीला आत धरू का बाहेरून दार धरू? आता बॅगेत सुतळी ठेवते, खरंच.

*

उलटी होणाऱ्या पोरांच्या आयांसाठी: निघायच्या आधी दूध अजिबात देऊ नका. कोरडी पोळी नाहीतर खारी बिस्किटं. गाडीत मोबाईल नाही, मान खाली गेली की संपलं. काच थोडी खाली. आमचा बार्शी रोडला नेमका एकाच वळणावर उलटी करायचा, तीनदा झाल्यावर आम्ही त्या वळणाच्या आधीच गाडी थांबवून त्याला खाली उतरवायला लागलो. आता सहावीत आहे, तिथनं जाताना स्वतःच म्हणतो माझं वळण आलं.

*

आम्ही विजापूर करतो, वर्षातनं एकदा तरी. शंभरेक किलोमीटर. टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. पोराला आधीच सांगून ठेवलं होतं, पुलानंतर दुसरं राज्य सुरू. पूल संपला तसा तो मागं वळून वळून बघायला लागला. म्हटलं काय झालं रे, तर म्हणे रेघ कुठाय? नकाशात असते ती. शेवटी दुकानाची कन्नड पाटी दाखवली तेव्हा मानलं, आणि मग विजापूर येईपर्यंत प्रत्येक अक्षराला ही जिलबी, ही चकली.

गोल घुमटात सकाळी लवकर पोचा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोण ऐकत नाही. मुहम्मद आदिलशहाची कबर आहे ती, चारी कोपऱ्याला सात सात मजल्यांचे मनोरे, त्यातल्याच अरुंद जिन्यानं वर जायचं. घुमटाच्या आतनं गोल सज्जा आहे, तिथं भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू येतं, आवाज भिंतीला धरून फिरत जातो. पण हे गर्दी नसताना. दहानंतर शाळांच्या सहली आल्या की नुसत्या शिट्ट्या आणि किंकाळ्या, त्यात एका टाळीच्या सात टाळ्या ऐकू येतात म्हणजे विचार करा. आम्ही पोचलो तेव्हा सात आठ माणसं असतील. मी पलीकडं जाऊन बसलो, बायकोनं पोराला भिंतीपाशी उभं केलं, बाबांना काहीतरी सांग म्हणाली. मी कान लावून बसलोय, आता काय गोड बोलतोय म्हणून. आणि भिंतीतनं अगदी स्पष्ट आलं, "बाबा, शू लागली." पलीकडं एक वयस्कर काका होते ते एवढे हसले की त्यांचं हसणं पण सात वेळा आलं. मग काय, पोराला खांद्यावर टाकून ते सगळे जिने खाली. धापा टाकत पोचलो आणि साहेब म्हणतात, आता नाही लागली.

*

हत्तरसंग कुडल कुणी लिहिलंच नाही अजून? आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे की! भीमा आणि सीनेचा संगम, झाडी, शांत एकदम. तिथं एक शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलीत. पोरांना मोजायला बसवा, अर्धा तास निवांत. आमच्या दोघांचा आकडा कधीच जुळत नाही आणि परतीच्या अख्ख्या रस्त्यात त्यावरून भांडण.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शिलालेख आहे, शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी. शेवटी लिहिलंय त्याचा अर्थ असा की जो वाचील तो विजयी होईल. माझी लेक तेव्हा पहिलीत, नुकतं जोडून जोडून वाचायला लागलेली, एसटीवरच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, दिसेल ते वाचायची. तिला उचलून धरली आणि अर्थ सांगितला. ती बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती. मला तरी कुठं वाचता येतंय, अक्षरं जुनी आहेत. मग म्हणाली, यातला एक वा येतो मला. खाली उतरल्यावर पुजारीकाकांना जाऊन सांगून आली की मी थोडी जिंकले. हे लिहितानाही मला भरून येतंय, आता दहावीला आहे ती आणि पुस्तक हातात धरत नाही ते सोडा.

उन्हाळ्यात नका जाऊ तेवढं. आणि पाण्यात उतरू देऊ नका, काठावर पाय बुडवायचे बास.

*

आजोबा लिहितोय, चालेल ना? आमच्या लहानपणी कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाईट रेल्वेनं जायचो. अडीच फुटी रूळ, गाडी एवढी हळू की खिडकीतनं हात काढून बाभळीची पानं ओढायची आणि वडिलांचा रट्टा खायचा. आता रुंद रूळ झाले. नातवाला मागच्या महिन्यात मुद्दाम कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेनं नेला आणि परत आणला. उतरून पाहिलं काहीच नाही, प्लॅटफॉर्मवर चहा नि वडा. तो महिनाभर तिकीट पाकिटात घेऊन फिरतोय.

*

जानेवारीत हुरडा. मंगळवेढ्याकडं मामाचं शेत आहे आमच्या, नसेल तर कुणाचंतरी शोधा, पैसे भरून हुरडा पार्ट्या पण असतात पण तिथं माईकवर गाणी लावतात. आगटीत गोवऱ्या, त्यात कणसं खुपसायची, मामी गरम गरम कणीस तळहातावर चोळून पोरांच्या मुठीत दाणे देणार. सोबत चटणी, दही, गूळ, बोरं. माझ्या पुण्याच्या नणंदेची पोरं आली होती, धाकट्यानं पहिली मूठ घेतली आणि विचारलं हे कशातनं बनवतात. मामा त्याला हाताला धरून ताटात घेऊन गेला. ताट म्हणजे ज्वारीचं उभं धाट. पोरगं ताट शोधत होतं जेवायचं! संध्याकाळी कपड्यांना धुराचा वास, नाकं काळी, नणंद वैतागलेली, पोरं गाडीत बसायलाच तयार नाहीत.

*

एवढं सगळं लांबचं सांगताय, रोजचं काय? आमचं ठरलेलं, ऑफिसातनं आलो की दोघांना स्कूटरवर घालून सिद्धेश्वर. पुलावरनं चालत देवळात, येताना तळ्यातले मासे बघायचे आणि शेजारी भुईकोटाच्या तटाकडं बोट करून धाकटी विचारणार, राजा घरी आहे का. मी सांगतो जेवायला गेलाय. दोन वर्षं झाली, राजा अजून जेवतोय.

*

धागा काढणारी परत आलीय. सगळ्यांचं वाचून काल घरात जाहीर केलं, या रविवारी नळदुर्ग, बोरीला पाणी आहे, चौकशी केलीय. मोठी नाचायला लागली. धाकटा म्हणाला, तिथं मुंगळे आहेत का?

हिप्परग्यालाच चाललोय. चटणी जरा जास्त घेतलीय.