घाण्याच्या पिनियनचे (लहान गिअरचे) तीन दात उडालेत, कोल्हापूरजवळ तातडीने कोण करून देईल?

मंडळी, गुऱ्हाळ करवीर तालुक्यात आहे. काल रात्री घाण्यात उसाबरोबर लोखंडाचा तुकडा गेला (बहुतेक ट्रॉलीची पिन) आणि पिनियनचे तीन दात उडाले. बेअरिंगही कुरकुरतंय. त्यावर नंबर २२२१८ आहे, म्हणजे ९० एमएम बोअर. ते बाजारात मिळेल. अडलंय पिनियनवर.

मोड्यूल (दाताचं माप) ८, दात १७, बाहेरचा व्यास १५२ एमएम, रुंदी ११०. मशीन जुनं, बनवणाऱ्याचा पत्ताच नाही.

चार ट्रॉल्या ऊस तोडून पडलाय. शिळ्या उसाच्या रसाची साखर फुटते आणि गूळ धरत नाही, तुम्हाला माहीतच आहे. गुळव्या सकाळपासून थंड चुलवाणापाशी बसून आहे.

उद्यमनगरात दोन ठिकाणी विचारलं. हॉबिंगला (गिअरचे दात कापायला) आठवडा सांगतात. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीत ईएन १९ किंवा ईएन २४ स्टीलमधून हॉबिंग आणि हार्डनिंग दोन्ही करून देणारं कोणी आहे का? तुटलेला तुकडा नमुना म्हणून आणतो.

एक टर्नर म्हणतो, दात वेल्डिंगने भरून घासून देतो. मला भरवसा नाही, पण निदान पडलेला ऊस गाळण्याइतकं टिकेल का? कुणी केलं असेल तर सांगा. नाहीतर जवळचा कुणाचा घाणा दोन दिवस मोकळा असेल तर तेही कळवा, भाडं देतो.